कान तोफेपाशी राहिले

जहाजावरून पहिल्यांदा लांब रजेवर आलो, तेव्हा नसरापूरच्या फाट्यावर सर्व्हिस मोटारीतून उतरलो आणि वेल्ह्याच्या वाटेने चालू लागलो. मार्गासनी मागे पडली, नदी डाव्या हाताला आली. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती. अंगावर आरमाराचा पांढरा पोशाख होता आणि पाठीवर पडशीसारखी लांब पिशवी. कधी एकदा घर दिसतंय असं झालं होतं.

गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या वरच्या बांधावर माझे चुलते मळणीच्या खळ्यात उभे होते. त्यांनी मला लांबून ओळखलं आणि हाक मारली. आमच्याकडे डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला माणसं हाकेवरच बोलतात. कुणाचा बैल सुटला, कुणाकडे पाहुणा आला, सगळं हाकेनं कळतं. चुलत्यांनी तीनचार हाका मारल्या म्हणे. खळ्यातल्या बायकांनीही मारल्या. मी मान खाली घालून सरळ चालत राहिलो.

घरी पोचलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आई आणि मी, आणि लग्न होऊन शेजारच्याच वाडीत दिलेली धाकटी बहीण. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की पोरगा दर्यावर जाऊन साहेब झाला, सख्ख्या चुलत्याच्या हाकेला ओ देत नाही.

चुलते आले ते दारातच थांबले. त्यांचा आवाज जाड, घशातून येणारा. तो मला समोरून ऐकू येत असे.

"काय रं, आमी काय तुजं कोन न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं."

"लक्ष न्हवतं! आरं, त्या तिकडच्या वाडीतल्यांनी वळून बगितलं."

मला ऐकू येत नाही, हे दोन शब्द सांगितले असते तर तिथंच मिटलं असतं. पण ते मी जहाजावरही कुणाला सांगितले नव्हते, आणि गावात सांगायची तर मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

कान कसे गेले ते सांगायला हवं.

मी भोरात आत्याकडे राहून मराठी सातवीपर्यंत शिकलो. पुढं काही दिवस शेती केली, मग गोदीत काम मिळेल म्हणून मुंबईला गेलो आणि तिथं आरमारात भरती चालू आहे असं ऐकून रांगेत उभा राहिलो. युद्ध सुरू झालं होतं. पूर्वी आरमारात कोकणातली नाहीतर उत्तरेकडची माणसं घेत, आता त्यांना कोणीही चाललं असतं. मी समुद्र त्याआधी फक्त गोदीच्या भिंतीवरून पाहिला होता. घाटावरचा माणूस, छाती रुंद, उचलायला बरा, म्हणून मला तोफेवर घातलं.

शिकवणाऱ्या आवारात दारापाशी एक जुनी तोफ मांडून ठेवलेली होती. तोरण्यावर गुरं घेऊन जायचो तेव्हा आम्ही पोरं अशाच एका फुटक्या तोफेवर बसून भाकरी खात असू, म्हणून मला ती ओळखीची वाटली. आम्हाला शिकवायला कोकणातले एक म्हातारे जमादार होते. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला नव्या तोफेपाशी नेलंच नाही. त्या जुन्या तोफेच्या तोंडात हात घालायला लावला.

"पूर्वी गुराबांवर, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजांवर, अशा तोफा असत," ते म्हणाले. "तोंडातून दारू घालायची, वरून गोळा, मग लांब दांडक्यानं ठासायचं. मागच्या भोकाला बत्ती. उडाली की तोफ आपल्याच गोलंदाजांच्या अंगावर मागं यायची, म्हणून दोरांनी बांधलेली. आणि नेम धरायचा तर तोफ वळत नसे, अख्खं जहाज वळवावं लागे. वारा पडला की संपलं, बसा एकमेकांकडे बघत."

मग त्यांनी सांगितलं, की पुढं लाकडाची जहाजं जाऊन लोखंडाची आली, शिडं जाऊन कोळसा आणि मग तेल आलं. तोफ मागून भरायची झाली. नळीच्या आत पिळाच्या रेषा आल्या, त्यानं गोळा भोवऱ्यासारखा फिरत सरळ जातो. तोफ जहाजावरच्या चकतीवर बसली, त्यामुळे जहाज एकीकडे जातं आणि तोफ भलतीकडे बघते. पाण्याखालून पाणबुडी आली, तिच्यासाठी मागच्या बाजूनं पाण्यात सोडायचे स्फोटाचे पिंप आले. आभाळातून विमान आलं, म्हणून तोफेनं मान वर केली. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. शेवटी ते म्हणाले, "तोफ इतकी बदलली. माणसाचे कान तेच राहिले. म्हणून कापूस घालत जा." एवढं बोलून ते हसले आणि आम्हीही हसलो.

कापूस आम्ही घालत असू, पण आयत्या वेळी तो सापडत नसे, नाहीतर हुकूम ऐकू यावा म्हणून एका कानातला काढून ठेवावा लागे. आमचं जहाज मोठं नव्हतं. मालाच्या आणि माणसांच्या बोटींचा तांडा घेऊन जायचा आणि त्याच्या भोवती राखणदारासारखं फिरायचं, हे त्याचं काम. पुढच्या बाजूला जोडतोफ होती, एकाच बैठकीवर दोन नळ्या. मी डाव्या नळीचा भरणारा. गोळा आणि त्याचं पितळी दारूचं टरफल हे सगळं एकत्रच असे, चांगल्या वाढलेल्या शेळीएवढं वजन. ते छातीशी धरून आणायचं, नळीच्या मागच्या तोंडात लोटायचं, हात काढायचा आणि बाजूला व्हायचं. पुन्हा दुसरं. माझा उजवा कान कायम तोफेकडे.

माझ्या शेजारी नेम धरणाऱ्याच्या जागेवर भोरचाच एक मुसलमान होता, नालबंदाचा मुलगा. त्याचा बाप भोरात बैलांना आणि टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचा. आम्ही दोघं एकाच नदीचं पाणी प्यायलेले, म्हणून भर समुद्रात मराठी बोलायला मला तोच एक होता. जेवताना तो भोरच्या बाजाराच्या, राजवाड्यापुढच्या जत्रेच्या, भाटघरच्या धरणाच्या गोष्टी काढायचा. धरणाच्या पाण्यावर त्यानं लहानपणी केळीच्या खोडांचा तराफा केला होता आणि तो मध्येच सुटला होता. "तवाच बाप म्हनला, हे पोरगं पान्यात जानार," असं तो सांगायचा.

पूर्वेकडच्या एका फेरीत जपानी विमानं आमच्या तांड्यावर आली. सकाळी आली, परत गेली, पुन्हा आली. मी किती गोळे भरले ते मला सांगता येणार नाही. नळ्यांचा रंग तापून पोळला, पायाखाली पितळी टरफलं घरंगळत होती, त्यांवरून आम्ही घसरत होतो. तांड्यातली एक बोट पेटली. विमान एकही पडलेलं मी पाहिलं नाही. भरणारा आभाळाकडे बघतच नाही, तो गोळा आणि तोंड एवढंच बघतो. कुठल्याशा क्षणी नालबंदाच्या मुलानं माझ्या खांद्यावर दोन थापट्या मारल्या आणि मला कळलं की थांबायचं आहे. हुकूम मला ऐकू आला नव्हता. पण त्या दिवशी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसत होतो आणि कानावर हात मारून दाखवत होतो.

बाकीच्यांचे कान चारदोन दिवसांत परत आले.

मला एक दिवस डेकवर आडवं पडलेलं असताना रातकिडे ऐकू आले. पावसाळ्यानंतर आमच्या खाचरांच्या कडेला वाजतात तसेच, एकसुरी, दाट. मला इतकं बरं वाटलं, की मी डोळे मिटून घेतले आणि गाव बघू लागलो. मग लक्षात आलं, की जमीन कुठंच नाही. रातकिडे माझ्या कानातच होते. ते त्यानंतर आजपर्यंत थांबलेले नाहीत.

पुढं हळूहळू एकेक आवाज गेला. आधी बारीक आवाज गेले, शिट्टी, भांड्यांची किणकिण, पाखरं. जाड आवाज राहिले. माणूस समोर असला आणि मी त्याच्या ओठांकडे बघितलं, तर निम्मं कानांनी आणि निम्मं अंदाजानं कळे. जहाजावर मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला किनाऱ्यावर उतरवलं असतं. आणि खरं सांगायचं तर तोफेवर मला काही अडत नव्हतं. तोफ वाजायला लागली की सगळेच बहिरे. हाताच्या खुणा, खांद्यावरच्या थापट्या, यांवर आमचं चाले. एक थापटी म्हणजे भर, दोन म्हणजे थांब. नालबंदाचा मुलगा त्या थापट्या पूर्वीपेक्षा जास्त वेळा आणि जरा जोरात मारू लागला होता, हे मला नंतर आठवलं.

गावात थापट्या नव्हत्या, हाका होत्या. रजेच्या पहिल्या आठवड्यातच मी एकटा पडलो. लोक वाटेत भेटत, मागून काही विचारत, मी पुढं जाई. पारावर बसलो की सगळे हसत आणि मी त्यांच्या मागून हसत असे. मग माझ्याशी बोलणंच कमी झालं. मी रानात जाऊन बसू लागलो. तिथं कुणी बोलावणारंच नव्हतं, त्यामुळे कुणाला राग यायचाही प्रश्न नव्हता.

आईनं मात्र माझं लग्न ठरवायचं मनात धरलं होतं. रजा संपायच्या आत उरकायचं. सारोळ्याकडची मुलगी सांगून आली होती, नीरेच्या पुलाजवळच्या एका शेतकऱ्याची. चुलते माझ्यावर रागावलेले होते, तरी पुढारपण त्यांनीच केलं. आम्ही बैलगाडीनं गेलो. मुलगी पाटावर येऊन बसली, मान खाली. चुलत्यांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. माझ्यापर्यंत त्यातलं एक अक्षरही पोचलं नाही. मान खाली असल्यानं ओठही दिसले नाहीत. तिच्या हाताकडे बघितलं. बोटं एकमेकांत अडकवून तिनं घट्ट धरली होती. तिलाही माझ्याइतकीच धास्ती आहे असं मला वाटलं, आणि मी होकार दिला.

नाव पुढं कुणाच्या तरी तोंडून कळेल असं मी धरून चाललो होतो. पण घरात सगळे तिला "पोरगी", "नवरी" असंच म्हणत. बहिणीनं एकदोनदा नाव घेतलं, ते मला दोन वेगळ्या नावांसारखं दिसलं. विचारायचं कुणाला? ठरलेल्या बायकोचं नाव आईला विचारणारा माणूस वेडाच म्हणायचा.

लग्न झालं. वरात घरी आली आणि बहिणीनं आणि गावच्या बायकांनी दार अडवलं. नवरीनं उखाण्यात माझं नाव घेतलं. बायका हसल्या, त्यावरून मला कळलं की घेतलं. मग सगळी तोंडं माझ्याकडे वळली. चुलती पुढं येऊन मोठ्यानं म्हणाली, "आता तुमी घ्या. घेतल्याबिगर आत न्हाई."

मी उभा राहिलो. दोन नावं मनात होती. त्यातलं चुकीचं तोंडातून गेलं असतं, तर भरल्या दारात मी परक्या बाईचं नाव घेतलं असतं. कपाळावर घाम आला. बायकांना वाटलं लाजतोय. त्या आणखी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. चुलत्यांनी मागून काहीतरी म्हटलं. शेवटी आईच पुढं आली, बहिणीला बाजूला केलं आणि आम्हाला आत घेतलं. उंबरठा ओलांडताना नवरीनं एकदाच माझ्याकडे बघितलं. तिला काय वाटलं असेल ते विचारायची गरज नव्हती.

त्यानंतरचे दिवस आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे होतो. ती काही बोले, मी उत्तर देत नसे, की भलतंच देत असे. तिनं पाण्याचं विचारलं तर मी बैलाचं सांगे. मग तीही बोलेनाशी झाली.

एकदा सकाळी, चांगलं उजाडल्यावर, आई पाण्याला गेली होती. बायको जात्यावर नाचणी दळत होती आणि मी उंबऱ्यात बसून दाढी करत होतो. जात्याची घरघर मला जमिनीतून अंगात येत होती. जहाजाच्या इंजिनाची येते तशीच. फार दिवसांनी मला काहीतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. आरशात मला ती दिसत होती, तिचे ओठ हलत होते. गातेय, बरं वाटतंय तिला, असं समजून मी आरशातच हसलो.

ती काय गात होती ते तिनं मला पुढं सांगितलं. सुरुवातीला आईबापांचं, भावाचं गायली. मग मी नुसताच बसलेला बघून तिला राग आला आणि तिनं माझ्यावर ओव्या रचायला घेतल्या. बापानं तिला दगडाच्या पदरात बांधलं. नवऱ्याची दुसरी कोणी दर्यापार आहे. नांगराचं लाकूड बोलेल पण हा बोलायचा नाही. एकेक ओवी आधीच्यापेक्षा तिखट. आणि मी हसतोय.

तिनं जातं थांबवलं. जमीन गप्प झाली म्हणून मला ते कळलं, पण मी वळलो नाही. ती उठून माझ्या पाठीमागं आली आणि मला हाक मारली. नंतर म्हणाली की तिनं माझं नाव घेऊन हाक मारली होती, जे कुठलीही बायको घेत नाही. मी गालावर वस्तरा फिरवत राहिलो.

ती समोर येऊन बसली. पिठाचे हात लुगड्याला पुसले. स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि सावकाश म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाई?"

तिचे ओठ मला नीट दिसले. मी म्हणालो, "येतं. जाड आवाज येतो."

"माजा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग दारात त्या दिवशी..."

"तुझं नाव मला ठाऊक नव्हतं."

तिनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. हसते की रडते ते मला समजेना, म्हणून मी पदर बाजूला केला. दोन्ही चाललं होतं. मग तिनं नाव सांगितलं. मी ओठ बघून एक नाव म्हटलं, चुकलं. दुसरं म्हटलं, तेही चुकलं. ती उठली आणि घरातल्या एका वस्तूवर तिनं बोट ठेवलं. तेव्हा कळलं. ते मी मोठ्यानं म्हणालो, फारच मोठ्यानं, कारण माझा आवाज केवढा निघतो हेही मला समजत नसे. तिनं घाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. आई पाणी घेऊन वर येत होती.

"सासूबाईंना ठावं हाय?" तिनं नंतर विचारलं.

"नाही. कुणालाच नाही. सांगू नकोस."

"मंग परत कशाला जाता दर्यावर?"

"तिथं तोफेवर कुणालाच ऐकू येत नाही. सगळे सारखे असतात."

तिनं मान खाली घातली. काही बोलली असेल तर ते मला दिसलं नाही. चार दिवसांनी मी निघालो. ती फाट्यापर्यंत आली नाही, तशी पद्धत नव्हती. गोठ्यापाशी उभी राहिली.

जहाजावर गेल्यावर फार दिवस निभलं नाही. एकदा सरावासाठी बंदराबाहेर गेलो होतो. दुसरं जहाज लांब दोरानं कापडाचं निशाण ओढत होतं आणि आम्ही त्यावर गोळे टाकत होतो. माझ्या नळीतला एक गोळा उडालाच नाही. असं झालं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं असतं, कारण तो उशिरा उडू शकतो आणि उडाला की नळीचं मागचं अंग घणासारखं मागं येतं. थांबण्याचा हुकूम झाला. घंटा वाजली. माझ्या कानात रातकिड्यांशिवाय काही नव्हतं. मी पुढचा गोळा छातीशी घेऊन सरळ तोफेच्या मागं गेलो.

नालबंदाच्या मुलानं आपली जागा सोडली, कमरेला मिठी मारून मला खाली पाडलं. गोळा डेकवर आपटून गडगडत गेला. आम्ही खाली असतानाच तोफ उडाली. जिथं माझी छाती होती तिथपर्यंत ते लोखंड मागं आलं आणि पुन्हा पुढं गेलं.

त्यानं मला एका बाजूला नेलं. माझं तोंड दोन्ही हातांत धरून त्यानं आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द तोडून बोलला.

"मला लई दिवस ठावं हाय. म्या सांबाळून घेतलं. आता म्या सायबाला सांगनार."

"सांगू नको. मला उतरवतील."

"उतरवू दे. तू मरशील. आन् तुज्यापायी आमी बी मरू."

"मग मी कुठं जाऊ?" मी म्हणालो. तो सरळ साहेबाकडे गेला आणि त्यानं सांगितलं.

डॉक्टरनं मला पाठ करून उभं केलं आणि मागून हळू काहीतरी विचारलं असावं. मी अंदाजानं "होय साहेब" म्हणालो. त्यानं दोन दातांचा एक लोखंडी काटा वाजवून माझ्या कवटीला टेकवला. तो हाडातून मला ऐकू आला, स्वच्छ, गोड. इतक्या दिवसांत ऐकलेला तो पहिला बारीक आवाज होता. मी त्याला तो पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं लावला नाही, कागदावर लिहू लागला.

मी कपडे परत केले. उतरायच्या शिडीपाशी नालबंदाचा मुलगा आला. मी त्याच्याशी त्या दिवसापासून बोललो नव्हतो. त्यानं माझ्या खांद्यावर एक थापटी मारली. मी खाली होडीत उतरलो, आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत मागं वळून बघितलं नाही. ज्यानं जीव वाचवला त्याचा राग करणं बरोबर नाही हे मला तेव्हाही समजत होतं. पण मला उतरल्याचंच दुःख फार होतं.

गावात सगळ्यांना कळलं. चुलते आले आणि माझ्यासमोर खाली बसून रडले. "आमी तुला काय काय बोललो रं," असं म्हणत होते. मग सगळा गाव माझ्याशी प्रेमानं, कानाशी येऊन ओरडून बोलू लागला. महिनाभर ते चाललं. ओरडून बोलणं फार थकवणारं असतं. माणसं किती दिवस ओरडणार? आधी ती मोठ्या बातम्याच सांगू लागली, मग तेवढ्याही नाही. लग्नाच्या पंगतीत मला चांगल्या जागी बसवत आणि आपापसात बोलत. आईनं मला भोरला एका वैद्याकडे नेलं. त्यानं कानात लसणीचं कोमट तेल सोडलं, आठ दिवसांनी पुन्हा सोडलं. कान मऊ झाले, एवढंच.

त्याच खेपेला मी नालबंदाच्या घरी गेलो. त्याच्या मुलावरचा राग अजून होता, पण त्या मुलाची आई काळजीत असेल असं माझ्या बायकोनं दोनदा सांगितलं होतं. म्हातारीनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला. ती बराच वेळ बोलत होती. पान खात असल्यानं तिचे ओठ मला वाचता येत नव्हते. मी मान हलवत होतो. तिच्या ते लक्षात आलं. तिनं उठून चूळ भरली, पुन्हा समोर येऊन बसली आणि हळूहळू विचारलं, "त्यो बी असाच व्हईल का?"

ते मला कळलं. मी म्हणालो, "न्हाई. त्याची जागा निराळी हाय. तोफेपासून लांब."

त्याची जागा माझ्यापासून हातभरही लांब नव्हती. म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मी चहा संपवून उठलो. त्याचा राग माझ्या मनातून त्या ओसरीवरच गेला असावा, कारण नंतर मला तो कधी आला नाही.

युद्ध संपल्यावर नालबंदाचा मुलगा परत आला. ऐकू येत होतं, एका कानानं कमी. एकदा पायी वेल्ह्याच्या वाटेनं माझ्या गावी आला, रात्रभर राहिला नाही, दुपारीच परत गेला. आम्ही गोठ्यात बसलो. तो बोलत होता, मी बघत होतो. ते जहाज आता दुसऱ्याच कामाला लावलंय, असं त्यानं सांगितलं. पुढं त्याला मुंबईत काम लागलं आणि आमची गाठ पडली नाही.

माझ्या वाट्याला शेती आली. खाचरात वाकून काम करायला कान लागत नाहीत. बायको समोर असली की घर बोलतं असे, ती माहेरी गेली की सगळं थांबे. आई समोरून बोलायची सवय कधी लावून घेऊ शकली नाही. ती चुलीकडे तोंड करून बोले, पूर्वीसारखी, आणि मी उत्तर देत नाही म्हणून गप्प होई. ती गेली तेव्हा शेवटी काय म्हणाली ते बायकोनं मला सांगितलं. जेवला का, एवढंच विचारत होती.

आम्हाला मुलगी झाली. लावणीच्या दिवसांत बायको खाचरात जाई आणि मी घरी पाळण्यापाशी बसून दोर वळत असे. पाळण्याची दोरी मी मनगटाला गुंडाळून ठेवत असे. पोर जागी होऊन पाय झाडू लागली की दोरीला हिसका बसे आणि मी तिला उचलून घेई. ती रडत असताना तिचं तोंड केवढं लाल होतं ते मला माहीत आहे. आवाज कसा होता ते माहीत नाही. ती रांगू लागली तेव्हा माझ्याजवळ येऊन धोतर ओढू लागली, आणि दुसऱ्या कुणाजवळ गेली की तोंड उघडून ओरडू लागली. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

एक दिवस मी अंगणात बैलांपुढं वैरण टाकत होतो. पोर बायकोच्या कडेवर होती, शेजारच्या दोघी आल्या होत्या. मी वळून बघितलं तर सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. पोरही हसत होती, माझ्याकडे हात करून.

"काय झालं?" मी विचारलं.

बायको हसायची थांबली. तिनं पोरीला खाली ठेवलं, जवळ आली आणि मला दिसेल असं म्हणाली, "बोलली. पहिल्यांदा बोलली."

"काय?"

"तुमालाच हाक मारली. बा म्हनली."

मी पोरीपुढं उकिडवा बसलो. म्हण पुन्हा, म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, माझी मिशी धरली, आणि ओठ मिटूनच राहिली. बायकोनं तिला चुचकारलं, शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. ती काही म्हणेना. मग बैल दावणीला ओढ घ्यायला लागले, म्हणून उठलो आणि राहिलेली वैरण टाकली.